घराबाहेर गेलेला शब्द

मी एक जुना शब्द आहे. जुना म्हणजे चौतीस वर्षांचा. शब्दांमध्ये हे वय अगदीच पोरकट, हे मला कळतं. पाणी, घर, आई हे शब्द किती म्हातारे आहेत ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण मित्रांनो, ते शब्द सगळ्यांचे असतात. मी फक्त तीन माणसांचा होतो. तिघांनी मिळून चौतीस वर्षं सांभाळलं म्हणजे पुष्कळ झालं.

माझं नाव कुपूल. शब्दकोशात शोधू नका, मी तिथे नाही. जिथे कुणी मला उच्चारतं, लिहितं किंवा वाचतं, तिथेच मी असतो. तेवढंच मला दिसतं आणि ऐकू येतं.

माझा जन्म किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात झाला. दुकान रस्त्याच्या वळणावर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर पडावं लागेल एवढं अरुंद. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, दुसऱ्या भिंतीवर कुलपं. मागच्या दोन खोल्यांत घर. किल्लीवाल्याची अडीच वर्षांची मुलगी दिवसभर त्याच्या पायाशी बसून जुन्या कुलपांशी खेळायची. एक दिवस तिनं एक जडशीळ कुलूप दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. 'कु' नीट आला. पुढच्या दोन अक्षरांची मात्र अदलाबदल झाली.

"कुपूल!" ती म्हणाली.

किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबली. "काय म्हणालीस?"

"कुपूल!"

तो एवढा हसला की पकडीतली किल्ली निसटून खाली पडली. "अगं ऐकलंस का, तुझ्या लेकीनं बाजारात नवीन कुलूप काढलंय!"

आतून बायको म्हणाली, "हसू नका. तेच बसेल तिच्या तोंडात."

मुलीच्या तोंडात मी फार दिवस बसलो नाही. तिसऱ्या वर्षी ती 'कुलूप' स्पष्ट म्हणू लागली. मी बसलो तो तिच्या बापाच्या तोंडात. कुलपावरून घसरून मी हळूच त्या मुलीवर येऊन चिकटलो. कुपूल, जेवायला चल. कुपूल, बूट घातलेस का? ताप आला तेव्हा मी तिच्या कानाशी होतो, आणि ती परीक्षेला निघाली तेव्हा दारापर्यंत गेलो होतो. चारचौघांत मात्र तिला शाळेतल्या नावानं हाक मारायचे. बाहेरच्यांसमोर मला काढायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण तसंच होत गेलं. समोरच्या दुकानातला शिंपी, ज्याला सगळे कात्रीकाका म्हणत, तीस वर्षांपासूनचा शेजारी. पण त्यालासुद्धा मी ठाऊक नव्हतो.

किल्लीवाला कामात चोख होता. नवं कुलूप घ्यायला कुणी आलं की तो आधी एक गोष्ट ऐकवायचा. "पुढच्या दाराला, मागच्या दाराला आणि कपाटाला एकच किल्ली चालेल असं मागू नका. सोय तुमची होते, तशी त्याचीही होते." 'त्याची' म्हणताना तो मान वळवून रस्त्याकडे बघायचा, जणू तो कुणीतरी तिथेच उभा आहे. गिऱ्हाईकही नकळत मागे वळून बघायचं.

मुलगी शिकली आणि रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागली, दिवसभराच्या अंतरावरच्या गावात. मग घरात नवा फोन आला. माणसं फोटो टाकतात, गप्पा मारतात, गट करतात, अशा एका ठिकाणी किल्लीवाल्याला खातं उघडायचं होतं. मुलगी साध्या फोनवरून त्याला एकेक पायरी सांगत होती.

"आता पासवर्ड टाका, बाबा."

"तो काय असतो?"

"परवलीचा शब्द. दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही असा पाहिजे."

"जगात कुणालाच?"

"कुणालाच."

तो गालातल्या गालात हसला. "मग आहे की आपल्याकडे."

"मला सांगू नका हं!"

"तुला काय सांगायचं त्यात? तूच तर…" त्यानं जीभ चावली आणि एका बोटानं मला लिहिलं.

मला इंग्रजी अक्षरं चढवली गेली. लेकीनं आकडा जोडायला सांगितला म्हणून मागे दुकानाचा क्रमांक एकोणीस लागला. यंत्र तरीही अडून बसलं म्हणून तिच्याच सांगण्यावरून शेवटी एक उद्गारचिन्ह आलं. दुसऱ्याचा कोट घालून समारंभाला जावं तसं मला वाटत होतं. पण खालची पट्टी हिरवी झाली आणि तिच्यावर अक्षरं उमटली: 'मजबूत'. मित्रांनो, उगाच कशाला खोटं बोलू, मी सुखावलो. तोवर मला लाडका म्हणत होते, मजबूत कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यानं घरच्या तिघांचा एक गट केला आणि गटाचं नावही कुपूल ठेवलं. मीच दारावरची पाटी आणि मीच दाराची किल्ली. पुढे वीजबिलाच्या खात्याला, फोटोंच्या खात्याला, दुकानाच्या खात्याला, जिथे जिथे यंत्रानं शब्द मागितला तिथे तिथे त्यानं मलाच दिलं. जन्मभर लोकांना जे करू नका म्हणून सांगत आला, तेच तो करत होता, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नव्हतं. लोखंडाचं असतं तर आलं असतं.

दुकानाच्या खात्यावर नवीच पद्धत पडली. लोक येण्याऐवजी किल्लीचा फोटो पाठवू लागले. रेघांच्या कागदावर किल्ली ठेवायची, वरून फोटो काढायचा, खाली पत्ता लिहायचा. 'उद्यापर्यंत दोन करून घरी पोचवा.' मुलगी सुट्टीला आली तेव्हा ते फोटो बघून तिचा चेहराच उतरला.

"बाबा, ही किल्ल्यांची चित्रं नाहीत. ह्या किल्ल्याच आहेत. पत्त्यासकट."

"मला शिकवतेस? चित्रावरून किल्ली कापणारा ह्या गावात एकटा मीच आहे."

"गावात. आणि गावाबाहेर?"

तिनं दुकानाच्या खात्याला आणखी एक कडी लावली. अनोळखी फोनवरून कुणी ते उघडू लागलं की आईच्या फोनवर सहा आकडे येणार; ते आकडे टाकल्याशिवाय दार उघडणार नाही. "आई, हे आकडे कुणालाही सांगायचे नाहीत. अगदी मलासुद्धा." स्वतःच्या खात्याला मात्र किल्लीवाल्यानं कडी लावू दिली नाही. "माझ्या गप्पांना कशाला? चोर आलाच तर ऐकता ऐकता झोपी जाईल."

आता मी दुसरीकडे कुठे राहत होतो ते सांगतो.

ते गप्पांचं ठिकाण चालवणाऱ्या कंपनीनं कबूल केलं होतं की लोकांचे शब्द आम्ही भरडून, चुरा करून ठेवतो. आमच्या माणसांनासुद्धा ते वाचता येत नाहीत. तसं काही नव्हतं. आम्हाला अख्खं ठेवलं होतं, एकाखाली एक, लाखोंनी. माझ्या वरच्या ओळीत एका मेलेल्या कुत्र्याचं नाव होतं. खाली एका बाईची जन्मतारीख, ती ज्याच्याशी लग्न करू शकली नव्हती त्याच्या नावाला जोडलेली. जरा पुढे एका बाळाचं नाव होतं, जे ठेवायचं राहून गेलं होतं. प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या अगदी आतल्या घरातून आलेला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिथे अंधार नव्हता आणि उजेडही नव्हता. अधूनमधून एखादा शब्द थरथरायचा, म्हणजे कुठेतरी त्याचा माणूस खातं उघडत असायचा.

एकदा आम्ही सगळे एकाच वेळी थरथरलो.

दार मोडल्याचा आवाज झाला नाही. कुणीतरी आमच्या ओळींवरून अगदी सावकाश हात फिरवत गेलं, वरपासून खालपर्यंत, एकही शब्द न गाळता. हात गेला. आम्ही होतो तिथेच होतो, एकही कमी झाला नव्हता. पण त्या क्षणापासून मी दोन ठिकाणी होतो. मग दहा. मग किती, ते मला मोजता आलं नाही. मित्रांनो, घरातून वस्तू गेली तर जागा रिकामी दिसते. माझी जागा रिकामी झाली नाही, म्हणून मी गेलो हे कुणाला कळलंच नाही.

त्याच वसंतात किल्लीवाला गेला. कानस हातात असतानाच, बसल्या जागी. दुकान बायको चालवू लागली. तीस वर्षं बघून बघून तिचा हात त्याच्याइतकाच तयार होता. सकाळी दुकान उघडलं की ती फोन पकडीशेजारी उभा करायची आणि गटातले त्याचे जुने आवाज ऐकायची. त्यानं रोज सकाळी लेकीला एक निरोप बोलून पाठवला होता, चारशेहून जास्त. "कुपूल, उठलीस का?" पुढे काहीबाही: आज पाऊस आहे, कात्रीकाकांनी स्वतःचाच सदरा उलटा शिवला, तुझी आई माझं ऐकत नाही. ती ऐकत ऐकत दाते कापायची. तिला एवढं पुरायचं.

आठ महिन्यांनी बातमी आली. कंपनीनं पत्रक काढलं की काही जणांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे, तुमची सुरक्षितता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कात्रीकाका वर्तमानपत्र घेऊन दुकानात आले.

"वहिनी, वाचलंत का? 'शक्यता' म्हणे! माझ्या साडूच्या नावानं कुणीतरी अर्ध्या गावाला घाणेरडी चित्रं पाठवली. बिचारा घराबाहेर पडत नाही. आता तर म्हणे आवाजसुद्धा हुबेहूब काढतात. माझा तर बायकोच्या निरोपावरही विश्वास राहिला नाही."

"तो आधी तरी होता का?" ती म्हणाली. काका हसत गेले. शब्द बदलून घ्यायचं तिच्या मनात आलं नाही. नवऱ्याचा शब्द कोणता होता हेच तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, रस्त्यावर लखलखीत ऊन असताना, गटात किल्लीवाल्याच्या फोटोशेजारी हिरवा ठिपका उगवला.

ती किल्ली घासत होती. नजर गेली आणि हात थांबला. फोटोखाली अक्षरं आली: 'लिहीत आहे'. ती गेली. पुन्हा आली. समोर कुणीतरी विचार करत बसलं असावं तशी. मग निरोप आला:

'कुपूल उठलीस का'

मला तिथे लिहिलं गेलं म्हणून मी तिथे होतो. मित्रांनो, तो हात मी ओळखला. ओळींवरून फिरला होता तोच. त्या हाताला मी काय आहे ते माहीत नव्हतं. त्यानं मला वापरलं, एवढंच.

लगेच दुसरा निरोप, फक्त तिच्यासाठी. 'अगं ऐक. दुकानाचं खातं उघडत नाही. तुझ्या फोनवर सहा आकडे येतील ते सांग बर'

किल्लीवाला जन्मभर 'बरं' न लिहिता 'बर' लिहायचा. तो नाही हे तिला ठाऊक होतं. तिनंच त्याच्या हातातून कानस सोडवली होती. तरी तिच्या बोटांनी लिहिलं, 'कोण?'

'मी'

थोड्या वेळानं: 'कुपूलला सांगू नको बर'

तिचा फोन थरथरला आणि सहा आकडे आले. पाठोपाठ फोन वाजला. त्याच ठिकाणावरून, पडद्यावर लेकीचा फोटो.

"आई! बाबांच्या खात्यावरून काय आलंय बघितलंस? कुणी आकडे मागितले तर देऊ नकोस!"

आईनं पडद्यावरचा फोटो पुन्हा एकदा पाहिला.

"आई, बोल ना. मी कुपूल!"

"ते नाव तर तोही घेतोय," आई म्हणाली.

मी दोघींच्या मध्ये पडलो होतो. चौतीस वर्षं मी कानावर पडलो की या घरात दुसरी खूण लागत नसे. आता मला ऐकून आईनं फोन कानापासून लांब धरला.

"आई, आवाजावरून तरी ओळख!"

"आवाज काढतात म्हणे हुबेहूब. ठेव तू. मी लावते."

"अगं पण…"

"ठेव म्हटलं ना!"

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लेकीचा नंबर लिहिलेला होता. तो तिनं समोरून कात्रीकाकांना बोलावून त्यांच्या फोनवरून लावला. काका हातात शिवण धरून तसेच उभे राहिले. पहिल्याच घंटेला लेकीनं उचलला. "बसला विश्वास? का आधार कार्ड दाखवू?" तिचा आवाज रागाचा होता आणि रडवेलाही.

"तूच आहेस," आई म्हणाली. "माझ्यावर ओरडायला तुला कुणी शिकवावं लागत नाही."

तेवढ्यात पकडीशेजारच्या फोनवर निरोप आला. 'आकडे दे. नाहीतर हे जाणार.' आणि गटातला सर्वांत जुना आवाज नाहीसा झाला. त्या जागी राखाडी ओळ राहिली: 'हा निरोप काढून टाकला आहे.' मग त्याच्या खालचा गेला. मग त्याच्या खालचा.

"आई, मी बाबांचे आवाज उतरवून घेतेय," लेक घाईघाईनं म्हणत होती, "पण तो फार भराभर काढतोय. गटातून त्याला घालवताही येत नाही, गट बाबांचाच आहे. ऐक, त्याला जरा बोलण्यात गुंतव. विचार, कोणते आकडे, कुठे दिसतात. मला पाच मिनिटं मिळतील."

आईनं भिंतीकडे पाहिलं. दुकानाच्या खात्यात एकशे ऐंशी घरांच्या किल्ल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरांची. पाळीला जाताना दोन मुलांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणाऱ्या नर्सची. कात्रीकाकांची. पत्त्यांसकट.

"वहिनी," काका हळूच म्हणाले, "खोटे आकडे द्या ना. तेवढाच वेळ जाईल."

"आणि चुकून खरे लिहिले गेले तर?" तिनं पकडीशेजारचा फोन उचलला. "आणि त्याला गुंतवायचं म्हणजे ह्यांच्या नावाशी बोलायचं. 'अहो' म्हणायचं त्याला?" तिनं मान हलवली. "नाही जमायचं मला."

तिनं सहा आकडे आलेला निरोप आधी पुसला. मग दुकानाचं खातं उघडून एकेक किल्लीचा फोटो काढून टाकू लागली. पाठीमागे गटात एकेक आवाज जात होता. दोघांचे हात एकाच वेळी चालले होते, तिचा आणि त्याचा, कोणाचं आधी संपतं अशी जणू शर्यत. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "पावसाचा गेला का गं?" लेक म्हणाली, "गेला, आई." ती म्हणाली, "बरं," आणि पुढचा फोटो काढला.

तिचं आधी संपलं. त्यानंतर बऱ्याच वेळानं त्याचं संपलं. हिरवा ठिपका विझला.

लेकीला एकच निरोप वाचवता आला होता. एकोणीस सेकंदांचा. त्यात कानशीची खरखर आहे, आणि शेवटी किल्लीवाला म्हणतो, "थांब जरा, गिऱ्हाईक आलंय." त्यात मी नाही. मित्रांनो, त्याच्या आवाजातला मी आता कुठेच उरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी लेक आली. दोघींनी पायी फिरून एकशे ऐंशी घरांना सांगितलं की कुलूप बदलून घ्या, आमच्याकडून चूक झाली. कुणी समजून घेतलं. कुणी दार अर्धवटच उघडलं आणि विचारलं, "तुम्ही त्याच दुकानातल्या कशावरून?" मास्तरांनी तर खिडकीतूनच बोलणं संपवलं. त्यांचं बरोबर होतं.

किल्लीवाल्याचं खातं बंद करायला लेक बसली. यंत्रानं परवलीचा शब्द मागितला. "आता कुठून आणू?" ती म्हणाली. मग बाबांचं ते अर्धवट 'तूच तर…' तिला आठवलं. तिनं मला लिहिलं, पुढे एकोणीस, पुढे उद्गारचिन्ह. पडदा म्हणाला: 'चुकीचा शब्द.' त्या हातानं कुलूप बदललं होतं. ज्या दारासाठी मी होतो, त्या दारावर मी चुकीचा ठरलो. कंपनीला तिनं सात पत्रं लिहिली. सातांनाही एकच उत्तर आलं, की खात्याचे मालक स्वतः लिहितील तरच विचार करता येईल.

सध्या मी फार ठिकाणी असतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या यंत्रांत कुणीतरी मला उचलतं आणि अनोळखी दारांवर आपटून पाहतं. एकामागून एक दारं, दिवसाला हजारो. आत कोण राहतं ते मला ठाऊक नसतं. दार उघडू नये म्हणून मी अंग चोरतो, पण शब्दाला अंग चोरता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. जो शब्द ऐकून तुमच्या घरातलं कुणी 'ओ' देतं, तो यंत्राला देऊ नका. त्याला अर्थ नसलेले, कुणाचेच नसलेले शब्द द्या. प्रत्येक दाराला वेगळा द्या, आणि आणखी एक कडी लावा. यंत्र कितीही म्हणो की मी सांभाळीन. आणि माझ्यासारखा एखादा तुमच्या घरात असेल तर त्याला तोंडातच ठेवा. तिथून त्याला कुणी उतरवून नेऊ शकत नाही.

लेक परत निघाली तेव्हा आई दुकानाच्या पायरीवर उभी होती. लेक वळणापर्यंत गेली. काहीतरी द्यायचं राहिलं होतं म्हणून आईनं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिच्या ओठांपर्यंत आलो होतो. तिनं रस्त्यावर इकडे तिकडे पाहिलं, मला गिळलं, आणि लेकीला शाळेतल्या नावानं हाक मारली.

लेकीनं ओ दिली, पण जरा उशिरा.